चुन्याची गल्ली

वर्ध्याचं संग्रहालय त्या काळी म्हणजे नगरपालिकेच्या माडीवरची एक खोली होती. खोलीत कसर लागलेला बिबट्या, नाक तुटलेल्या दोनचार मूर्ती, कुणाच्या तरी शेतात सापडलेला तोफगोळा आणि बशीत मांडलेली काळी नाणी. किल्ली नगरपालिकेतल्या एका कारकुनांकडे असे. पाहायला कुणी आलं की आधी हे कारकून त्याच्याकडे संशयाने पाहत आणि मग कुलूप काढत. आत गेलं की "हात लावू नका" असं ते इतक्यांदा म्हणत, की माणूस हात मागे बांधून कैद्यासारखा फिरून बाहेर पडायचा.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. नालवाडीहून सायकलवर यायची, म्हणून अर्ध्या गावाला मी ठाऊक होते आणि उरलेल्या अर्ध्याला माझी सायकल. आमचे हेडमास्तर निवृत्त झाले तसे नगरपालिकेने संग्रहालय सुधारण्याचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांनी ते आनंदाने घालून घेतलं आणि मला बोलावून सांगितलं, "बाई, भिंतीवर गावाचा एक मोठा नकाशा काढा. पुढे गाव कसं असावं तेही त्यात दाखवा."

हे ऐकायला शेजारी आमच्याच संस्थेतले लाकूडकामाचे गुरुजी बसले होते. चाळिशीचे, कमी बोलणारे, आणि बोलले की समोरच्याला दोन दिवस विचारात पाडणारे. आदल्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन घरच्यांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते. ते म्हणाले, "भिंतीवर काऊन? जमिनीवर काढा ना. लोकं त्याच्यात चालतीन."

एवढ्या एका वाक्यावर आमचा सगळा उद्योग उभा राहिला. कापसाचा हंगाम संपला की कॉटन मार्केटचं पटांगण ओस पडतं. तिथे दोऱ्या धरून, चुन्याची फक्की टाकून सगळं गाव काढायचं. स्टेशन, बाजार, शाळा, कापसाची जिनं, विहिरी, गल्ल्या. संग्रहालयातल्या वस्तू जिथे सापडल्या तिथे नेऊन ठेवायच्या. लोकांनी त्या गावातून फिरायचं आणि जिथे जे हवं तिथे एक खुंटी ठोकायची. दिवा हवा तर दिव्याची, झाड हवं तर झाडाची. खुंट्या गुरुजी करणार होते, ओळी मी ओढणार होते, परवानग्या कारकून आणणार होते आणि अध्यक्ष हेडमास्तर. कुणाला कल्पना नव्हती की असं काही कुठे करतात की नाही. आम्हाला ते करावंसं वाटलं एवढंच.

आता आमच्या सभांविषयी सांगितलंच पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ते खरं वाटत नाही. आमच्याकडे सेवाग्रामचं वारं अंगात भिनलेलं. सभेला बसायचं ते टकळी आणि पेळू घेऊन. हात सूत काढत राहणार, तोंड बोलत राहणार. मतदान वगैरे नाही. जे ठरेल ते सगळ्यांच्या संमतीने. एखादी गोष्ट ज्याला पटत नसेल त्याने काही बोलायचं नाही, फक्त टकळी थांबवून मांडीवर ठेवायची. एकाची टकळी थांबली की सभा तिथेच थांबायची आणि त्याचं समाधान होईपर्यंत पुढे जायची नाही.

ऐकायला हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात बिबट्या पटांगणावर न्यायचा की नाही यात आमचे कितीतरी शनिवार गेले. कारकुनांची टकळी बिबट्याचं नाव काढलं की थांबायची. त्याला मुंग्या लागतील, ऊन लागेल, एखादं कुत्रं त्याला खरा समजेल. शेवटी बिबट्या माडीवरच राहिला आणि कारकुनांचं सूत एकदाचं सुरू झालं. तेही जाडंभरडंच निघायचं, पण निघायचं. माझा जीव मात्र मेटाकुटीला आला होता. मी घरी येऊन आईला म्हणायची की गाव वसवणं सोपं गेलं असेल, त्याचा नकाशा संमतीने काढणं काही सोपं नाही.

असं एकेक ठरत आलं आणि एका शनिवारी हेडमास्तर अगदी सहज म्हणाले, "पटांगणात शिरताना सगळ्यांनी पादत्राणं बाहेर काढायची. एक तर ओळी पुसायच्या नाहीत. आणि दुसरं म्हणजे, गाव आहे आपलं. देवघरात शिरावं तसं शिरलं पाहिजे."

माझी टकळी छान गरगरत होती. ओळी मलाच ओढायच्या होत्या, त्यामुळे मला हा नियम मनापासून आवडला. कारकुनांनीही मान डोलावली. आणि मग माझ्या लक्षात आलं की उजव्या बाजूचा तो बारीक आवाज बंद झालाय. गुरुजींची टकळी मांडीवर होती.

हेडमास्तरांनी विचारलं, "काय गुरुजी?"

गुरुजींनी सूत टकळीवर नीट गुंडाळून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या मोहल्ल्यात जायले ती एकच गल्ली होती. तुमाले माहीत हाय कोणती. माही माय त्या गल्लीतून चपला हातात घेऊन जाये, तोंडापासून शेवटापर्यंत. मी लहान होतो. मले वाटे, हिच्या चपला नव्या हायेत म्हणून जपते."

गुरुजींनी हेडमास्तरांकडे पाहिलं.

"तिले मी हे गाव दाखवाले आणणार हावो. चुन्याच्या गल्लीतूनही तिनं तसंच जावं काय?"

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. हा माणूस मनाने कसा होता ते मी सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणारा त्यांच्यावर अन्याय करील. तरुणपणी त्यांनी खेड्यात जाऊन मैल्याच्या टोपल्या उचलल्या होत्या, त्यापायी सख्ख्या भावाने त्यांच्याशी जेवण तोडलं होतं. आपल्या हातून असं काही व्हावं हे त्यांना सहन होईना, आणि आपण चुकलो हेही कबूल करवेना. ते म्हणाले, "पण गुरुजी, इथे सगळेच काढणार. मीसुद्धा काढणार."

"तुमी काढसान ते तुमच्या मनानं काढसान," गुरुजी म्हणाले.

त्यानंतरच्या सभा मला आठवतात त्या उकाड्यासकट. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, माठातलं पाणी, आणि चौघांच्या मांडीवर चार थांबलेल्या टकळ्या. हेडमास्तर आपलं म्हणणं सोडेनात; ओळी पुसतील हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. गुरुजी तर आवाजही चढवत नसत. मृग लागायच्या आत पटांगणावर गाव उभं राहिलं नाही तर ते वर्षभर गेलं, आणि पुढच्या वर्षी कुणात इतका उत्साह उरला असता असं मला वाटत नव्हतं. मला दोघांचाही राग यायचा. एकाला जखम दिसत नव्हती म्हणून, आणि दुसरा ती एकदा दाखवून गप्प बसला होता म्हणून. गुरुजींवरचा राग न्यायाचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

कारकुनांनी एक तोड काढली. म्हणाले, "ती गल्लीच नकाशातून वगळू या. वादच नको."

गुरुजी पहिल्यांदा हसले. "मंग आमी राह्यतो कुठं?"

त्यांच्या हसण्याने सभा जरा सैल झाली. तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले की नियमाचं राहू द्या, आधी आपल्या आपल्यात एकदा फिरून पाहू. घरच्यांना आणा. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. याला कुणाची हरकत नव्हती. मी दुसऱ्या दिवसापासून दोऱ्या आणि फक्कीची पाटी घेऊन पटांगणावर बसले. सकाळी उन्हं चढायच्या आत आणि संध्याकाळी उतरल्यावर, असं करत करत गाव पुरं केलं. ती गल्ली मी सगळ्यात शेवटी काढली. तिथे हात आखडत होता.

फिरून पाहायच्या संध्याकाळी हेडमास्तर कुणी न सांगता अनवाणी आले. जमीन तापलेली, त्यामुळे ते सारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. कारकून चपला घालून आले, त्यांना पाहून ओशाळले, आणि अर्धवट काढून तसेच उभे राहिले. मग गुरुजी आले, बरोबर त्यांची आई. ठेंगणी, वाळकी बाई, नऊवारी घट्ट नेसलेली. पायात टायरच्या तळाच्या चपला.

तिला नकाशा समजावून सांगावा लागेल असं मला वाटलं होतं. ती दोन मिनिटं ओळींकडे बघत उभी राहिली आणि चालायलाच लागली. "हे टेसन. हा गेला रस्ता बजारात. हे जिन, इथं मी सरकी निवडे." बाजारात एका चौकोनापाशी थांबून म्हणाली, "हा दुकानदार मापात मारे. याच्यावर कायची खुंटी ठोकू?" आम्ही सगळे हसलो. गुरुजी तिच्यामागे चार पावलांवर होते, आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

मग ती गल्लीच्या तोंडाशी आली. बोलणं चालूच होतं तिचं. बोलता बोलता वाकली, चपला काढल्या, डाव्या हातात घेतल्या आणि पदर सावरून आत शिरली.

कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. दोन चुन्याच्या ओळी होत्या, बोटभर रुंदीच्या. गुरुजींनी मान वळवली आणि ते रिकाम्या पटांगणाकडे पाहत राहिले. मी हेडमास्तरांकडे पाहिलं तर ते जागेवर नव्हते. ते सरळ ओळी तुडवत, बाजार ओलांडून, दोन शाळा आणि एक विहीर पायाखाली घालून तिच्याकडे निघाले होते.

"आई, चपला घाला."

ती थांबली. हातातल्या चपला तिने पहिल्यांदा पाहिल्या असाव्यात. म्हणाली, "अरे बापा. आपोआपच निंगाल्या, मास्तर."

"म्हणूनच घाला."

"ओळी पुसतीन ना. पोरीनं एवढं काढलं."

"पुसू द्या. या बाई पुन्हा ओढतील."

ही सगळी उदारता माझ्या हातांच्या जोरावर चालली होती, पण मी "हो, ओढते" म्हणाले आणि मनापासून म्हणाले. तिने मुलाकडे पाहिलं. गुरुजी एवढंच म्हणाले, "घाल व माय."

तिने चपला खाली टाकल्या, एकेक पाय घातला आणि पुढे चालली. मध्यावर आली तशी थांबली आणि खुंटी मागितली. गुरुजींनी पिशवीतून नळाची खुंटी काढली. दिव्याची काढली. ती मान हलवत राहिली. "मले इथं बसायले वटा पायजे," ती म्हणाली. "डोक्यावर वझं घेऊन जिंदगीभर या गल्लीतून गेली, पण इथं कदी टेकली नाई."

ओट्याची खुंटी आमच्याकडे नव्हतीच. इतक्या सभा झाल्या, दिवे, नळ, झाडं, वाचनालयं सगळं आमच्या डोक्यात आलं होतं. गल्लीत नुसतं बसावं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारची सभा आमची सगळ्यात छोटी सभा. पादत्राणांचा विषय हेडमास्तरांनी स्वतःच काढला आणि स्वतःच मिटवला. ज्याला जसं यायचं तसं येऊ द्या, म्हणाले. चारही टकळ्या फिरत होत्या. गुरुजींनी ओट्याच्या जागी ठेवायला एक खरं बाक केलं, सागाचं, पाठ नसलेलं. ते त्या गल्लीत मावेना. मग मी तिच्या दोन्ही ओळी पुसून बाहेरच्या बाजूने पुन्हा ओढल्या. नकाशाच्या मापाने खरी गल्ली आहे त्याच्या दुप्पट ती झाली असेल, आणि कारकुनांनीसुद्धा हरकत घेतली नाही.

गाव पटांगणावर होतं तेवढे दिवस लोक चपला, वहाणा, बूट, जे असेल ते घालून आले. रोज संध्याकाळी मी पुसलेल्या ओळी ओढत होते आणि मनातल्या मनात हेडमास्तरांच्या नावाने बोटं मोडत होते. गुरुजींची आई रोज यायची. चपला घालून गल्लीतून मध्यापर्यंत चालत यायची, बाकावर टेकायची. एक दिवस मी तिथेच ओळ ओढत असताना पाहिलं, तिने चपला काढल्या. माझा हात थांबला. गुरुजीही पाहत होते.

तिने त्या पायानेच बाकाखाली सारल्या, पाय लांब केले आणि म्हणाली, "लय बरं वाटते."