स्लॅबवरचं पाणी

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे तुमचे अनुभव मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि दोघं हसायचो. आता माझाच लिहितेय... हसायचं असेल तर हसा.

खुलताबाद रोडला, शहराबाहेर आमचं छोटं चर्च आहे. आधी उपासनेला शहरात, छावणीतल्या चर्चला जायचो. इकडे प्लॉटिंग झालं, वस्ती वाढली, म्हणून मंडळीनं स्वतःचं बांधायला घेतलं आणि नेमका दुष्काळ पडला. बांधकामावर देखरेख माझ्या भावाची, विजयदादाची. स्लॅब टाकला की त्यावर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी साठवतात, नाहीतर तडे जातात. टँकरसाठी मारामारी, तरी दादानं स्लॅब कोरडा पडू दिला नाही. आम्हाला कौतुकच होतं!

एका दुपारी मी त्याचा डबा घेऊन गेले, तेव्हा मेंढरं घेऊन चाललेली एक बाई तिथं थांबली. कडेवर तान्हं पोर, रडून आवाज बसलेला.

"दादा, घोटभर पानी द्या की लेकराला. लई तापलंय वो."

"नाय बाई. स्लॅबलाच पुरंना."

"देवाचं घर हाय ना हे?"

"व्हय. म्हणूनच नाय म्हणतो." आणि दादा हसला — स्वतःच्याच हजरजबाबीपणावर.

वर स्लॅबवर कावळे पाणी पीत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग निघाली. शिवी नाही, शाप नाही. मी बाटली घेऊन मागं धावले, पण ती वळलीच नाही. पोर वाटेतच गेलं, असं नंतर मिस्त्रीकडून कळलं. दादा म्हणाला, "आजारीच असंल ते."

चर्च झालं. पुढं दादाला मुलगा झाला, हृदयाला भोक असलेला. ऑपरेशनआधी बाप्तिस्मा व्हावा, एवढाच वहिनीचा हट्ट. त्या रविवारी आधी एका मुलीचा झाला. गार पाण्यानं ती दचकून रडलीसुद्धा. मग आमचं बाळ. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर ओंजळ सोडली... कपाळ कोरडं. पुन्हा सोडली. वहिनीचा पदर भिजला, सतरंजी भिजली. मी जावळावरून हात फिरवला — खडखडीत कोरडं! सकाळी मीच त्याला अंघोळ घातली होती, तेव्हा चांगलं भिजलं होतं. दादानं तांब्याच हिसकावून उपडा केला. "लाग की!" तो पाण्यावर ओरडला. नाही लागलं.

बाळ ऑपरेशन टेबलवरच गेलं.

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. वहिनीला त्या बाईचं माहीतच नाही. जेवायला बसलो की मधेच विचारते, "ताई, माझ्याच लेकराला का नाय लागलं पाणी?"

दादा तिच्याकडे न बघता भाकरी मागतो. ती वाढते.