हात धरायचा नाही

माझी धाकटी जाऊ चित्रकलेचा वर्ग घेते. वर्ग कसला, वाचनालयाच्या मागची खोली. शनिवारी दुपारी आठ मुलं येतात. कुणाला बोलता येतं, कुणाला नाही, एक चाकाच्या खुर्चीतून येतो, दोघं-तिघं अशीच शेजारपाजारची, चित्रं काढायला आवडतं म्हणून. सोळा वर्षं झाली, आणि सोळा वर्षं मी तिच्यामागे पिशव्या उचलत फिरतेय. लोकांना वाटतं हौस. कसली डोंबलाची हौस! शनिवारी सकाळी रंगासाठी मैद्याची खळ मीच ढवळते, कारण विकतच्या रंगाच्या वासानं एका मुलाला उलटी होते.

तिथे गेलं की ट्यूबलाइट बंद, तिची गुणगुण मुलांना सोसत नाही म्हणून. खुर्च्या सरकताना करकरू नयेत म्हणून त्यांच्या पायांना जुने मोजे. ओलं हाताला लागलेलं ज्याला सोसत नाही, त्याला रंग प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून द्यायचा, त्यानं वरून दाबायचा. टाळ्या वाजवायच्या नाहीत. आणि मुलाचा हात धरून काहीही काढून घ्यायचं नाही. या शेवटच्या नियमावर ती इतकी कडक, की एका मुलाच्या वडिलांना तिनं खोलीबाहेर बसवलं होतं.

ठिपकीनं मात्र तिचा घाम काढला. नऊ वर्षांची मुलगी, बोलत नाही, पहिले अकरा महिने टेबलाखालीच. मग एक दिवस आपणहून वर आली, स्पंज गुंडाळलेला ब्रश उचलला आणि कागदाच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला. त्या संध्याकाळी भाजी करपेपर्यंत आमच्या घरात तेच चाललं होतं. पुढे दर शनिवारी ठिपके, नुसते ठिपके. नाव तिथूनच पडलं.

यंदा वाचनालयाच्या चिटणिसांनी मुलांचं प्रदर्शन ठरवलं. लोकांना कळेल असं काहीतरी लावा म्हणाले. ठिपकीच्या आईनंही आडून आडून विचारलं, आमच्या हिचं काय लागणार. माझी कंबर धरली होती, घरी कामाचा ढीग. मीच म्हणाले, एक घर काढून घे ना तिच्याकडून, आभाळ कोसळणार आहे का. जाऊ नुकतीच तापातून उठलेली. तिनं वाद घातला नाही. ठिपकीचं मनगट धरलं आणि चौकोन, वर त्रिकोण, मधे दार. दोन मिनिटंही लागली नाहीत. ठिपकीनं हात अगदी सैल सोडला होता.

प्रदर्शनात तिची आई त्या घरासमोर उभी राहून रडली. चार नातेवाइकांना बोलावून आणलं. नंतर चौकट करून ते बाहेरच्या खोलीत टांगलं.

पुढच्या शनिवारी ठिपकीनं ब्रशकडे बघितलंसुद्धा नाही. जावेसमोर मनगट पुढे केलं आणि मान वळवून वाट बघत बसली. आई दारातून कौतुकानं म्हणाली, बाई, आता असंच शिकवा, भराभर येईल तिला.

जाऊ आईला बाहेर घेऊन गेली. मीही मागोमाग गेले.

"ते घर मी काढलं," जाऊ म्हणाली. "तिचा नुसता हात होता. माझं चुकलं."



"मला कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला?" आई म्हणाली. "मला एक घर हवं होतं, बाई. धरा ना हात."

जावेनं धरला नाही. स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून ठिपकीसमोर बसून राहिली. मला बघवत नव्हतं. तीन शनिवार ठिपकी मनगट पुढे करून बसली, दंड थरथरायला लागला तरी. चौथ्या शनिवारी आली ती थेट टेबलाखाली गेली.

वर्ग सुटल्यावर मी बेसिनपाशी ब्रश धूत होते. जाऊ शेजारी येऊन भिंतीला टेकली. इतकी थकलेली मी तिला तापातही पाहिली नव्हती.

"ताई," तिनं विचारलं, "परत पहिल्यापासून होईल का हो माझ्याच्यानं?"

घर काढून घे म्हणताना माझी जीभ कशी चुरुचुरु चालली होती. आता साधं हो म्हणवेना.