बसल्या जागेवरून

आमच्या अमेरिकन साहेबाला मी सांगितलं, ‘मीही तुमच्याच टीमचा फॅन.’ तोपर्यंत हा फुटबॉल पायाने खेळतात अशी माझी समजूत होती.

त्याचं असं झालं. लॉकडाऊनमुळे झुइडास या डच बिझनेस भागातलं आमचं ऑफिस बंद, सगळे आपापल्या घरी स्क्रीनवरचे चौकोन होऊन बसलेले. माझा वर्षाचा करार संपत आलेला. डच लोक कायमच्या नोकरीला ‘फास्ट’ म्हणतात आणि देतात मात्र सावकाश. तिची शिफारस साहेबाने करायची होती. नाहीतर परमिटही जाणार आणि गाशा गुंडाळून पुणे. आणि साहेबाचा सोमवार कसा जाणार, हे रविवारी त्याची टीम ठरवायची. ती बहुधा हरायची. मग माझा साधा बगसुद्धा राष्ट्रीय आपत्ती व्हायचा. म्हटलं, दुःखात सामील तरी व्हावं.

ते सगळे रविवारी कॉलवर एकत्र मॅच बघायचे, तिथे त्याने मला लगेच बोलावलं. अमेरिकेतली दुपारची मॅच म्हणजे इथली रात्रीच्या जेवणाची वेळ. खेळ म्हणजे थेट आमचं ऑफिस: जरा वेळ काम, की लगेच गोल करून मीटिंग. काही कळेना, तेव्हा मला जे येत होतं ते मी केलं. म्हणालो, ‘आमच्याकडे क्रिकेटमध्ये चांगलं चाललं असेल तर बसल्या जागेवरून कोणी उठत नाही.’

टीम तेव्हा चक्क पुढे होती. साहेब गंभीर झाला. ‘मग उठू नकोस.’

बायको वरच्या खोलीत तिच्या आईशी फोनवर. जाताना बजावून गेलेली, ‘तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर. विसरशील.’ विसरलो नव्हतोच. चौथी झाली, पाचवी झाली. सहावीला साहेबाने विचारलं, ‘हीपण तुमच्याकडची पद्धत का, शिट्ट्या मारायची?’ मी हो म्हणालो. टेबलाखाली पाय शिवणयंत्रासारखा चालू होता. डाळ करपल्याचा वास आला तेव्हा काही सेकंदच उरले होते आणि आम्ही दोन पॉइंटांनी पुढे. म्हटलं, आता काय होतंय. उठलो.

गॅस बंद करून येतो तर सगळ्या चौकोनांनी डोक्याला हात लावलेले. समोरच्यांनी शेवटच्या क्षणी लाथ मारून बॉल दोन खांबांमधून पार केला होता आणि तीन पॉइंट नेले होते. म्हणजे पायाचा उपयोग होता तर. पण आमच्याविरुद्ध.

‘तू उठलास,’ साहेब म्हणाला.

तेवढ्यात बायको खाली आली, कुकरची वाफ सोडून झाकण काढलं आणि म्हणाली, ‘नुसती पनवती आहेस.’ माझा माइक चालू होता. साहेबाने अर्थ विचारला. मी म्हणालो, ‘जेवायला चल म्हणतेय.’ बायको कॅमेऱ्यासमोर वाकली आणि तिने त्याला खरा अर्थ नीट समजावून सांगितला.

सोमवारचा आमचा कॉल त्याने सकाळवरून दुपारवर ढकलला. मी मेल उघडायचो, बंद करायचो. कालव्यापर्यंत जाऊन आलो, मास्क विसरलो म्हणून परत आलो, मग रस्त्यावर मास्क लागतच नाही हे आठवलं. शेवटी साहेब दिसला. वर्षभराचं काम त्याने एकेक करून काढलं, बगसकट. मग म्हणाला, ‘कागद येतील. फास्ट.’

मी आभार मानायला तोंड उघडलं.

‘थांब,’ तो म्हणाला. ‘काम तुझं चांगलं आहे. पण पुढच्या रविवारपासून तू समोरच्या टीमचा फॅन हो. आम्हाला तुझा उपयोग तिकडेच जास्त.’