तिसरी ग्रेड

आमचे आण्णा सोलापुरात चित्रकलेचे मास्तर. ग्रेड म्हटलं की आमच्या घरात एकच अर्थ: ए म्हणजे वाहवा, बी म्हणजे बरं, सी म्हणजे काठावर पास. त्यामुळं डॉक्टर जेव्हा म्हणाले, "मास्तर, लिव्हरचा कॅन्सर आहे, ग्रेड तीन," तेव्हा माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. कॅन्सरला कसली आलीय ग्रेड? आणि तीन म्हणजे बरी की वाईट?

आण्णांचं जेवण कधीचं तुटलं होतं, म्हणून सुईनं लिव्हरचा तुकडा काढून तपासला होता. आण्णांनी शांतपणे विचारलं, "साहेब, मार्क कशावर देता?" मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. "चांगल्या पेशी ओळीत असतात, एकसारख्या. ग्रेड एकला त्या ओळखू तरी येतात. पुढं बिघडत जातात. चार शेवटची."

आण्णा बराच वेळ बघत राहिले. "रंग लई सुरेख हाय की," एवढंच बोलले. असा संताप आला मला! जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना रंग सुचतायत. मीही डोळा लावला. मला नुसता गुलाबी-जांभळा गोंधळ दिसला.

घरी पोचलो तर आई दारातच उभी होती. "अहो, काय म्हणाले डॉक्टर?"

"तिसरी ग्रेड."

"म्हंजे सी? पास न्हवं?"

"व्हय, पास की."

आई लगबगीनं शिरा करायला आत गेली. आण्णांना खरंच उलटं कळलं की काय? आता ह्यांना समजावू, की आईला सांगू, की गप्प बसू?

आण्णा पोरांची चित्रं तपासायला बसले. एका चित्रात घरं वाकडी, झाडं एकमेकांवर पडलेली, रंग रेघेबाहेर सांडलेला. त्यांनी लाल पेन्सिलीनं सी लिहिला, थांबले, खोडला आणि बी केला.

"आण्णा, अहो, ह्याला बी?"

"असू दे गं," मान वर न करता ते म्हणाले. "घरी त्याची आई वाट बघत असती."

तेवढ्यात आईनं शिरा आणला. आण्णांनी वाटी संपवली आणि आणखी वाढ म्हणाले.