सहार ते सांताक्रूझ

माझा मोठा भाऊ मस्कतहून पहिल्यांदाच सुट्टीवर येत होता, आणि मुंबईत तो आम्हाला फक्त दोन विमानतळांच्या मध्ये भेटणार होता. सकाळी सहारला उतरायचं, दुपारी सांताक्रूझहून गोव्याचं विमान पकडायचं आणि पुढे सावंतवाडीला, बायकोच्या माहेरी जायचं, असा त्याचा बेत. अंधेरीत आमचं घर होतं, घरात आईबाबा होते, पण ते त्याच्या वाटेत येत नव्हते म्हणे.

बाबांनी शब्द टाकून त्याला आपल्याच गिरणीत चिकटवलं होतं. ती नोकरी सोडून हा आखातात गेला. बाबा त्याला पळपुटा म्हणाले. मग संप झाला, गिरणी बंद पडली आणि बाबाच घरी बसले. म्हणजे दादाचं बरोबर ठरलं, आणि तेवढं मात्र बाबांना त्याला माफ करता आलं नाही.

तरी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याआधी दाराशी उभे. "तुका एकट्याक बॅगो उचलूक जमाचे नाय," एवढंच म्हणाले.

सहारला दादा वाकून पाया पडला. बाबांनी शेजारच्या खांबाकडे बघत आशीर्वाद दिला. टपावर बॅगा बांधून टॅक्सी निघाली. पुढे बाबा, मागे आम्ही दोघं.

दोन्ही विमानतळांची धावपट्टी एकच. विमान नुसतं वळलं की काम झालं. माणसाला मात्र अंधेरी, हायवे, पार्ले अशी प्रदक्षिणा घालावी लागे. समुद्र ओलांडून येणं हा प्रवासातला सोपा भाग होता. त्यात हायवे लागायच्या आधीच, पाइपासाठी खणलेल्या खड्ड्यात एक ट्रक बसला होता, अगदी जावयासारखा ऐसपैस. कोणाला घाई नव्हती. खड्डा खणणाऱ्यांना तर मुळीच नव्हती.

बराच वेळ गेला. मग मागे न वळता बाबा म्हणाले, "वाळलंस."

"उन्हाळा असतो तिकडे."

"थंय जेवक गावणा नाय काय?"

"मिळतं. पण आईच्या हातचं कुठलं?"

मग बाबांनी विचारलं, "काम कसला?"

दादा एसीच्या प्लांटवर होता. त्यांचं एक मशीन सारखं तापायचं. बाबा आता पूर्ण मागे वळले. बेअरिंग कोणतं, तेल कोण घालतं, आवाज कसा येतो, अशी उलटतपासणी सुरू झाली. ड्रायव्हरने गाडी आतल्या गल्लीतून काढू का म्हणून विचारलं, तर बाबा म्हणाले, "मेल्या, आमका घाई खंय हा?" दादाने घड्याळाकडे पाहिलं आणि मुकाट्याने बेअरिंगचं पुढे सांगू लागला.

सांताक्रूझला पोचलो तेव्हा विमान गेलं होतं. एरवी जे विमान कधी वेळेवर सुटल्याचं ऐकलं नाही, ते त्या दिवशी सुटलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी हे अभिमानाने सांगितलं. पुढची जागा दुसऱ्या दिवशीची.

"एका रात्रीपुरतं इथेच हॉटेल बघतो," दादा म्हणाला.

बाबा टॅक्सीत जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बॅगो सोडू नको. अंधेरी चल."

दादा थोडा वेळ फुटपाथवर उभा राहिला. मग मागचं दार उघडून आत आला.

संध्याकाळी बाबा आणि दादा जेवायला बसले आणि संपावरून कडाडून भांडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तोंडावर. आई वाढता वाढता डोळे पुसत होती. मध्येच तिने विचारलं, "भात आणखी घालू?" दोघांनीही ताटं पुढे केली.