राहून गेलेलं न्हाणं

दुर्गदबैलच्या बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या शंकरअण्णांची बायको विमल म्हणजे साऱ्या गल्लीची न्हाऊ घालणारी. कुणाकडे लेक बाळंतपणाला आली की हिला बोलावणं. पाय लांब करून बसायची, तान्ह्याला पायांवर घ्यायची, आणि घर डोक्यावर घेणारं पोर हिच्या हाताखाली पेंगायला लागायचं. गल्लीभरच्या नातवंडांना न्हाऊ घातलं, आता आपलं कधी, एवढीच तिची आस होती.

लेक सायली इचलकरंजीला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. विमलने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, वेखंड आणून ठेवलं. आणि एका सकाळी आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली.

डॉक्टरकडे जायचं सोडून ही देवापुढे जाऊन बसली. चंद्रभागामावशीचा स्तन अशाच गाठीपायी काढला होता. मग आपलंही तेच, असं हिने घरबसल्या ठरवूनही टाकलं. जिथे आपलंच ऑपरेशन व्हायचं, त्या घरात बाळंतीण कशी आणायची? विहीणबाईंना फोन करून म्हणाली, घराचं काम काढलंय, बाळंतपण तिकडेच करा. नवऱ्याला सांगितलं, त्यांचीच तशी इच्छा आहे. सायली रुसली. तिचा रोजचा फोन थांबला. विमल दुपटी उलगडायची, पुन्हा घडी घालायची आणि पदरात तोंड खुपसून रडायची.

तिकडे नात झाली. बारशालाही ही जाईना, तेव्हा धाकटी जाऊ अर्चना हटून बसली आणि विमलने सगळं सांगून टाकलं.

"अक्का, लगेच कापत नाहीत गं," अर्चना म्हणाली. "आधी सुई घालून बघतात."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि बारीक सुई गाठीत घातली. विमलने डोळे घट्ट मिटले होते. सिरिंजमध्ये पिवळसर पाणी आलं आणि गाठ बसली. साधी पाण्याची गाठ होती. पाण्यातल्या पेशी तपासायला पाठवल्या, तो रिपोर्टही चांगला आला.

जिच्यापायी लेकीला दार बंद केलं, ती गाठ चहा निवायच्या आत गेली होती. विमलला आनंद झाला, नाही असं नाही. पण घरी येऊन ती दुपट्यांपाशी बसली आणि तिला रडू आवरेना.

मग ती इचलकरंजीला गेली. लेकीपाशी बसून तिने खरं काय ते सांगितलं.

"आई, गाठ असती तरी मी आले असते," सायली म्हणाली. "मला तुझ्याजवळच यायचं होतं."

विहीणबाईंनी आग्रहाने विमलला खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला. बाळाला न्हाऊ घालायला त्यांची नेहमीची बाई आली होती. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला, पाठोपाठ नातीचं रडणं. विमल कप ठेवून अर्धी उठली. मग पदर सावरून परत खाली बसली.