पाखरांनी सोडलेलं धान

नागपूरहून सकाळच्या पॅसेंजरनं निघाले तेव्हा काखेत भलाथोरला पुठ्ठा होता, पिशवीत सुईदोरा आणि डोक्यात आमच्या विभागप्रमुखांचं वाक्य. "धानात बघण्यासारखं काय आहे, बाई? परवा परिषदेत तक्ता लावा. त्यापुढं माणसं थांबली नाहीत, तर विषय बदला." मी साताऱ्याकडची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. वनस्पतिशास्त्र शिकवायला इकडे आले आणि धानाच्या (भाताच्या पिकाच्या) नादी लागले. तो विषय सोडायची माझी तयारी नव्हती.

तुमसर रोडला उतरून सिहोऱ्याची एसटी धरली. पुठ्ठा कुठं मावेना, म्हणून मांडीवर उभा धरला. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कायची पाटी होय, बाई? दवाखान्याची?"

"धानाची."

"धानाची पाटी! धान तं बांदीत रायते." बांदी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. म्हातारबा पुढचा सगळा रस्ता माझ्याकडे बघून हसत होते.

सिहोऱ्यात माझी विद्यार्थिनी कुंदा हिच्या घरी उतरले. कापणी चालू होती, त्यामुळं घरात एकट्या तिच्या आई होत्या. त्यांनी आधी जेवायला बसवलं. ऊन ऊन भात, वांग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचे वडे. "घ्या न बाई, लाजता कायले?" असं म्हणत त्यांनी इतका भात वाढला की उठताना पाटाचा आधार घ्यावा लागला.

मग कामाला बसले. कुंदानं शेताशेतातून लोंब्या (धानाची कणसं) जमवून ठेवल्या होत्या. लुचई, चिन्नोर, हिरानकी अशा एकेका वाणाच्या लोंब्या पुठ्ठ्यावर टाचल्या आणि खाली नावाच्या चिठ्ठ्या खळीनं चिकटवल्या. शेवटच्या ओळीत एक लांब कुसळांचं धान लावलं. दिसायला अगदीच रानटी, गावात त्याला कुणी नावाजत नव्हतं. जागा उरली म्हणून लावलं, एवढंच.

खळ ओली होती. "काकू, एवढं हवेशीर ठेवाल?" असं सांगून मी आंबागडाकडे निघाले. किल्ल्याखालची शेतं बघायची होती. गडावर चढायचा बेत पायथ्याशीच बारगळला, चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी, करवादत, जीप मिळेल तशी परतले.

घराशी आले आणि बघते तर काय! माझा तक्ता दाराच्या चौकटीला टांगलेला, आणि त्यावर चिमण्यांची जत्रा! मी धावले तशा त्या भुर्रकन उडाल्या. खाली टरफलांचा सडा, वर नुसत्या काड्या. मी ओट्यावर बसले आणि सरळ रडायला लागले.

"काहून रडून राहिल्या, बाई?" काकू घाबरल्या.

"काकू, चिमण्यांनी सगळं खाल्लं हो!"

"मंग? दारातल्या लोंब्या पाखरायच्याच असतेत न! आमी दरसाल बांधतो." त्यांनी चौकटीच्या दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं. तिथं त्यांची स्वतःची जुडी लटकत होती, तीही टिपलेली. "म्या म्हटलं, बाईचं मन केवढं मोठं! येवढ्या परकारचं धान, तेबी शिवून पाखरायले देऊन रायल्या."

आता या माउलीवर रागवायचं तरी कसं? डोळे पुसून मी तक्ता उतरवला, आणि तेव्हा दिसलं. शेवटची ओळ जशीच्या तशी होती. कुसळांच्या धानाला एकही चोच लागली नव्हती.

मी पुन्हा पाहिलं. मग नव्या चिठ्ठीवर नवं शीर्षक लिहिलं: 'पाखरांनी कोणतं धान सोडलं?'

परिषदेत आजूबाजूला आखीव तक्ते होते, माझा मात्र उंदरांनी कुरतडल्यासारखा. पण माणसं येत होती, वाकून बघत होती, हसत होती आणि मग विचारायला लागत होती. हे कुसळाचं धान कोण पेरतं? कुठल्या बांदीत पेरतं? यातलं मला निम्मंही सांगता येईना. विभागप्रमुख गर्दीमागं बराच वेळ उभे होते.

"विषय बदलू का, सर?" मी धीर करून विचारलं.

"कशाला? पुढच्या सुगीला पुन्हा जा," ते म्हणाले. "आणि तक्ता त्याच दारात टांगा."

त्या रविवारी मी सिहोऱ्याला जाऊन काकूंना सारं सांगितलं. आपल्या दारानं एका बाईचा विषय वाचवला, याचं त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, "मंग तुमच्या नागपूरच्या पाखरायनं काय खाल्लं?"

येताना त्यांनी चिन्नोरची एक जुडी बांधून दिली. ती मी खोलीच्या दाराला लावली आहे. तिच्यावर चिठ्ठी नाही.